चार नंबरची पाल आणि बायाक्काची नळी

बेळगावच्या वडगावातल्या विणकरांच्या आळीत १९३६ साली सगळ्यात जास्त वेळा न्हालेली बाई कोण, असं कुणी विचारलं असतं, तर अख्ख्या आळीनं एका तोंडानं बायाक्काचं नाव घेतलं असतं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, डोक्यावरून आंघोळ. चार महिने बाईचे केस धड वाळले नाहीत. यात व्रत नव्हतं, सोवळं नव्हतं, कसला नवस नव्हता. होत्या त्या पाली. दिवा लागला की भिंतीवर येतात त्या, साध्या घरगुती पाली.

पाल अंगावर पडली किंवा हाताला लागली की आंघोळ, हा नियम आपल्याकडे घरोघरी आहे. विणकराच्या घरी तो जरा जास्तच कडक. न्हाल्याशिवाय सुताला हात लावायचा नाही, आणि सूत लग्नाच्या साडीचं असलं तर विचारूच नका. बायाक्काचा नवरा तम्मण्णा लग्नाच्याच साड्या विणायचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसे, आणि शेजारी रहाटावर बायाक्का त्याला कांड्या भरून देई. कांडी म्हणजे बोटभर लांबीच्या पोकळ नळीवर गुंडाळलेलं आडवं सूत. ती धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडे पळतो आणि साडी वाढत जाते. कांडी संपली की माग गप्प. वीस वर्षं बायाक्कानं तो माग गप्प बसू दिला नव्हता, आणि याचा तिला भारी तोरा होता. असावाच.

फाल्गुनात ती टिळकवाडीला अप्पासाहेब वकिलांकडे साडी पोचवायला गेली, तिथं हे प्रकरण तिच्या मागं लागलं. साडी वकीलीणबाईंच्या हातात देतेय तोवर मागच्या पडवीतून ओरडा आला, "गेली! परत गेली!" बायाक्का जन्माची भोचक. परवानगी विचारत बसली नाही, थेट पडवीत. तिथं टेबलापाशी वकिलांची मुलगी इंदुताई उभी होती. मुंबईला जाऊन प्राण्यांचं शास्त्र शिकून आलेली पोर. तिच्या चिमटीत पालीची शेपटी वळवळत होती आणि शेपटीची मालकीण वाशाला पोचली होती.

इंदुताईची अडचण अशी की ऐकणाऱ्याला हसावं का रडावं कळू नये. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी उगवते, यावर तिला मुंबईच्या सरांकडे प्रबंध द्यायचा होता. त्यासाठी सात पाली सात बरण्यांत ठेवलेल्या, प्रत्येकीला नंबर. दर चार दिवसांनी शेपटी किती वाढली ते मोजायचं. मोजायचं तर पाल धरायला हवी, आणि धरली की ती शेपटी टाकून पळणार. म्हणजे मोजायची वस्तू हातात, आणि मोजण्यासारखं काही शिल्लक नाही! क्लोरोफॉर्म देऊन बघितला, तर पाल निजली ती निजलीच. मदतीला ठेवलेला गडी दुसऱ्या दिवशी पगारसुद्धा न घेता गेला.

"ताई, तुमी वाघावानी झडप घालताय तिच्यावर," बायाक्का म्हणाली. "मग ती काय तुमच्या गळ्यात पडंल व्हय?"

"मग तू धरून दाखव," इंदुताई चिडून म्हणाली.

बायाक्कानं पदर दुहेरी केला, स्टुलावर चढली, आणि वाशाच्या पालीवर तो असा अलगद टेकवला की पालीला वाटावं दिवा मालवला. डोळ्यांपुढं अंधार झाला तशी पाल थांबली. मग मानेमागं दोन बोटं, नुसती ठेवलेली, दाबलेली नाहीत. वीस वर्षं तुटकं सूत उचलून सांधणारी बोटं ती. खाली उतरून तिनं पाल टेबलावर धरली, आणि इंदुताईनं कंपासपेटीतली पट्टी लावून सगळं अंग मोजलं. मोजून झाल्यावर दोघी एकमेकींकडं बघून खो खो हसल्या. वकीलीणबाई दारातून म्हणाल्या, "शी!" आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून बायाक्का दर चार दिवसांनी रेल्वेचं फाटक ओलांडून टिळकवाडीला जाऊ लागली. परत आली की विहिरीवर आंघोळ, मग रहाट. तम्मण्णा म्हणायचा, "आदी न्हा, मग बोल." तीही मुकाट न्हायची. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण तिच्या डोक्यात दिवसभर पाली फिरत होत्या. त्या कशा बसतात, सकाळच्या गारव्यात कशा सुस्त असतात, उन्हं चढली की कशा हाताला लागत नाहीत. चाळिशीच्या बाईला असं नवं वेड लागलेलं बघून आळीतल्या बायका तोंडाला पदर लावत. लावू देत.

पण हातानं पाल धरण्यात एक खोट होती. बायाक्काचे दोन्ही हात अडकायचे, आणि भिंगातून बघायचं, आरशानं उजेड पाडायचा, वहीत लिहायचं, एवढं सगळं इंदुताईनं एकटीनं कसं करावं? म्हणून बायाक्कानं एक लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर दोन नंबरची पाल पालथी ठेवली आणि मऊ सुताचे चार पट्टे वरून ओढून बांधले. छान ताणून. विणकराच्या घरात सैल सूत म्हणजे लाज. सैल दोरा दिसला की बोटं आपोआप तो ओढतात. तिनंही ओढला. इंदुताईनं आकडा वहीत लिहून मान वर केली, तोवर दोन नंबर मेली होती.

"बायाक्का, पालीला बरगड्या फुगवूनच श्वास घ्यावा लागतो गं," इंदुताई हळू आवाजात म्हणाली. "तू त्याच आवळल्यास. तुझा दोष नाही, मीच आधी सांगायला हवं होतं."

बायाक्कानं एकेक पट्टा सोडला. त्या दिवशी ती घरी येऊन न्हाली आणि जेवली नाही. तम्मण्णाला वाटलं ताप आला. ताप नव्हता. एवढंसं जनावर, त्याच्यासाठी आपल्याला रडू यावं याची तिची तिलाच लाज वाटत होती, आणि तरी येत होतं. आपल्या हातात जीव होता आणि आपण त्याचा ताणा केला, मागावरच्या उभ्या सुतासारखं ओढलं, हे तिच्या मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी रहाटावर बसली असताना तिला कोपऱ्यातल्या टोपलीत खुडबुड ऐकू आली. टोपलीत रिकाम्या नळ्या. पालीचं एक नखाएवढं पिल्लू भिंतीवरून उतरलं, टोपलीत शिरलं, आणि एका नळीच्या तोंडातून आत गेलं. आपणहून! कुणी ढकललं नाही, कुणी बांधलं नाही. आत अंधार, दोन्ही अंगांना भिंत, पिल्लू सुखानं बसून राहिलं. शेपटी तेवढी बाहेर.

"अवं!" बायाक्का अशी ओरडली की तम्मण्णाचा धोटा हातातून सुटला. "सापडलं! तिला बांधायचंच न्हाय! तिला घर द्यायचं!"

"कुणाला घर?" तम्मण्णा म्हणाला. पण बाई तोवर दारातून बाहेर पडली होती, रहाट तसाच फिरता ठेवून.

मग आठ दिवस नुसती धमाल. बायाक्कानं वेळूच्या जाड काठीच्या तीन नळ्या कापल्या, लहान, मधली, मोठी. आतून काचेच्या तुकड्यानं खरवडून, तेल लावून गुळगुळीत केल्या, की पालीच्या अंगाला कुसळ लागू नये. खालच्या बाजूला बोटभर खिडकी कापली, पोट दिसायला. पुढच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा, म्हणजे वारा आत जाईल पण पाल बाहेर येणार नाही. मागच्या पायांपुढं, कमरेवर मऊ सुती पट्टा, आणि त्या पट्ट्याखालून करंगळी सरकलीच पाहिजे. करंगळी अडकली तर पट्टा सोडायचा, मग मुंबईचा लाटसाहेब जरी समोर उभा असला तरी. आणि शंभर आकडे म्हणून होईपर्यंतच पाल आत ठेवायची, एकशेएकावा नाही. हे सगळे नियम बायाक्काचे. इंदुताईनं ते वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

पहिल्याच दिवशी नळी उलटी करून खिडकीतून बघितलं तर सहा नंबरच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन अंडी दिसत होती. पांढरी, साबुदाण्यासारखी. आणि वर, छातीत, काहीतरी उडत होतं.

"ताई, ह्ये काय हो?"

"काळीज. तिचं काळीज आहे ते, बायाक्का! जिवंत, आणि तिला काही दुखत नाहीये!"

बायाक्का धावत जाऊन अप्पासाहेबांना कोर्टात निघता निघता ओढून घेऊन आली. ते नळीवर वाकले ते वाकलेच. "विलक्षण! विलक्षण!" म्हणत राहिले, आणि टांगेवाला बाहेर हाका मारून दमला.

तरी नशिबाची गंमत बघा. नळी येईपर्यंत तीन पालींच्या शेपट्या पुन्हा तुटल्या होत्या, दोन आधीच मेलेल्या. सहा नंबर अंड्यांपायी इंदुताईनं बागेत सोडून दिली. राहिली चार नंबर. हिची शेपटी फाल्गुनात तुटली होती आणि तेव्हापासून एकही मोजणी न चुकता वाढत होती. ज्येष्ठात मुंबईचे सर बेळगावला येऊन ती स्वतः मोजणार होते. नंतर ते विलायतेला जाणार, दोन वर्षं परत यायचे नाहीत. चार नंबरनं त्या दिवशी शेपटी टाकली, की इंदुताईचे साडेतीन महिने पाण्यात आणि पुढची दोन वर्षं घरात बसून.

सर यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मालुबाईनं तम्मण्णाला दारात गाठलं. "तुमच्या साडीला पालीचा हात लागतोय म्हणं. उद्या पेठेत कळलं तर लगनाला कोण घेईल?" झालं. तम्मण्णा स्वभावानं वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील हे तेवढं त्याला कायम मोठ्यानं ऐकू यायचं.

"आजपातूर ऐकलं तुजं," तो बायाक्काला म्हणाला. "आता बास. पाली धरायच्या तर रहाटाला हात लावू नगंस. दोन्ही हुयाचं न्हाय."

"उद्याचा दिस तेवडा," बायाक्का म्हणाली. "माज्याबिगर कोण धरणार तिला? ताईंचं समदं उद्यावर हाय."

"मग जा. आन् रहाट माजा मी बगतो."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पाल सोडावी तर इंदुताई बुडते. रहाट सोडावा तर आपण कोण उरतो? वीस वर्षं त्या मागाचा आवाज तिच्या हातातून निघत होता. सकाळी ती उठली, रिकाम्या नळ्यांच्या टोपलीकडं बघितलं, आणि तरीही टिळकवाडीला गेली. चुकतंय का बरोबर, याचा विचार तिनं फाटकापाशी सोडून दिला.

सर आले. उंच, कोटवाले, चष्म्यावर चष्मा चढवल्यासारखं भिंग डोळ्याला लावणारे. पडवीत अप्पासाहेब, वकीलीणबाई, सगळे श्वास धरून. बायाक्कानं बरणीवर पदर टाकला, चार नंबर अलगद नळीत शिरली, पट्टा पडला, करंगळी सरकवून बघितली. शेपटी बाहेर, नवी, गुळगुळीत, जरा फिकट रंगाची. बायाक्का मनात आकडे म्हणू लागली.

"हलतेय," सर म्हणाले. "जरा घट्ट करा पट्टा."

"न्हाय जी," बायाक्का म्हणाली.

इंदुताईच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी भिंग खाली घेतलं.

"घट्ट केलं की श्वास कोंडतोय तिचा. मी एक मारलीया अशानं. दुसरी मारायची न्हाय."

सरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग म्हणाले, "बरं. तोंड तरी बघू द्या." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पुढचा कापसाचा बोळा उपटला.

झालं! चार नंबर सैल पट्ट्यातून पुढं सटकली. टेबलावरून खाली, खुर्चीवर, खुर्चीच्या पाठीवर. आणि नेमका त्याच क्षणी पडवीच्या दारात तम्मण्णा उभा. सकाळपासून त्यानं स्वतः कांड्या भरायचा प्रयत्न केला होता, तीनदा सूत तुटलं होतं, साडी वीतभर विणायची राहिली होती आणि संध्याकाळी पेठेत द्यायची होती. तो बायकोवर ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात पालीनं खुर्चीवरून उडी मारली ती त्याच्या खांद्यावर.

खांद्यावर पाल पडली तर काय होतं, हे सांगणारी म्हातारी प्रत्येक आळीत असते आणि ती चांगलं कधी सांगत नाही. तम्मण्णाचं तोंड पांढरं पडलं. हात आपोआप वर गेला, झटकायला.

"अवं, हलू नगा!" बायाक्का किंचाळली. "शेपटीला हात लावू नगा! झटकली तर समदं गेलं!"

हात हवेतच थांबला. इंदुताईनं डोळे मिटून घेतले. पाल त्याच्या मानेकडं सरकली, थंड पाय गळ्याला लागले, तम्मण्णाचे डोळे बाहेर यायची वेळ आली. पण तो हलला नाही. का नाही हलला, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बायकोचा असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता, एवढंच.

"आता कसं करू गं?" ओठ न हलवता तो म्हणाला.

"हात वर आणा. दमानं. वरनं नुसता झाका, जसं तुटल्यालं रेशीम झाकताय तसं. दाबू नगा. अंधार झाला की थांबतीया ती."

तम्मण्णानं हात आणला. झाकला. पाल थांबली. बायाक्का नळी घेऊन जवळ गेली, तोवर तो तसाच उभा, तळव्याखाली जिवंत पाल घेऊन, आणि हळूहळू त्याच्या तोंडावरची भीती जाऊन तिथं काहीतरी दुसरंच आलं.

"अगं," तो म्हणाला, "हिचं काळीज उडाय लागलंय की! माज्या हाताला लागतंय!"

"व्हय की वो!" बायाक्काला हसू आणि रडू एकदमच आलं. "मी चार म्हैनं त्येच तर सांगायलीया!"

चार नंबर नळीत गेली. शेपटी शाबूत, टोकापर्यंत. सरांनी पट्टी लावली. "एक्केचाळीस मिलिमीटर," ते मोठ्यानं म्हणाले, आणि इंदुताईनं आनंदानं अशी टाळी वाजवली की अप्पासाहेब दचकले. बायाक्कानं शंभरावर पट्टा सोडला, पाल बरणीत, बरणीवर फडकं.

"चूक माझी," सर म्हणाले. "बोळा काढायला नको होता. ही नळी कुणाची रचना?"

"बायाक्काची," इंदुताई म्हणाली. "प्रबंधातही तसंच लिहिणार आहे. आणि शेवटी पाल कुणी धरली, तेही."

"माजं नाव नगं," तम्मण्णा घाईनं म्हणाला. "आळीत काय सांगू?" पण चेहरा लपवता येत नव्हता त्याला.

वडगावापर्यंतच्या वाटेवर बायाक्काला एक शब्द बोलायला मिळाला नाही. सगळं तम्मण्णाच बोलत होता. किती हलकी असते, कसे पाय चिकटतात, नवी शेपटी जुनीपेक्षा मऊ कशी लागते. मालुबाई तिच्या दारात उभी होती; तिच्यासमोरूनसुद्धा तो हातवारे करत गेला.

घरी येताच बायाक्का सवयीनं घागर घेऊन विहिरीकडं निघाली. आता दोघांचं पाणी काढायचं होतं. मागून खड्ड्यात पाय सोडल्याचा आवाज आला. तिनं वळून बघितलं. तम्मण्णा मागावर बसला होता, ज्या हातानं पाल झाकली होती त्याच हातानं ताण्यावरून बोटं फिरवत.

"अवं, साडी लगनाची हाय," ती दारातून म्हणाली.

"ठावं हाय मला." त्यानं रिकामा धोटा तिच्याकडं पुढं केला. "पाणी ऱ्हाऊ दे. कांडी दे."